‘पुढील अंकी’ची पेटी

मित्रांनो, मी पत्र्याची पेटी आहे. जुनी, हिरव्या रंगाची, उजव्या कोपऱ्यात चेपलेली. तुमच्याही घरी माळ्यावर माझी एखादी बहीण असेल, गोधड्या आणि लग्नातली भांडी पोटात घेऊन बसलेली. माझ्या पोटात तसलं काही कधी आलं नाही. तेवीस वर्षं मी लोकांनी लिहिलेले कागद सांभाळले. आणि एका दिवशी अशी वेळ आली की एक वही कुठे आहे हे साऱ्या जगात मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि मला तर तोंड नव्हतं. त्या दिवसाचं सांगायला माझा जीव उतावीळ झाला आहे. पण आत्मवृत्त जन्मापासून सांगायचं असतं, म्हणून थोडा धीर धरा.

माझा जन्म गोंदियाचा. मुन्नालाल नावाच्या कारागिराने मला घडवलं. त्याची एक सवय होती. पेटी तयार झाली की तो तिच्या तळावर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. माझा आवाज खणखणीत निघाला तेव्हा गिऱ्हाइकाकडे बघून तो म्हणाला, “खाली बक्सा बोलता है, मास्टरजी, भरा बक्सा चुप रहता है. जो न ठीक से बोले, न चुप रहे, उसमें कुछ गड़बड़ समझो.”

हे गिऱ्हाईक म्हणजे केवळराम पटले, गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेतले मास्तर. त्यांनी मला एसटीच्या टपावर चढवलं आणि धानाच्या शेतांमधून गोरेगावला आणलं. आमच्याकडे धानाच्या लहानशा शेताला बांधी म्हणतात. मास्तरांनी दर तीन महिन्यांनी निघणारं एक अनियतकालिक, चुकले, त्रैमासिक काढलं होतं, त्याचंही नाव ‘बांधी’. (अनियतकालिक म्हटलेलं मास्तरांना अजिबात खपत नसे, जरी अंक कधी वेळेवर निघाला नाही.) अठ्ठेचाळीस पानं आणि मध्ये दोन पिना, एवढाच त्याचा थाट.

पण त्या अठ्ठेचाळीस पानांसाठी काय काय लोक लिहायचे. तिरोड्याचा एक एसटी कंडक्टर होता, तो तिकिटांच्या मागे कथा लिहून पाठवायचा. नागझिऱ्यात पर्यटकांना वाघ दाखवणारा एक गाइड होता, त्याच्या एकाही कवितेत वाघ नव्हता. हे सगळं माझ्या पोटात यायचं. मास्तर प्रत्येक कागद स्वतः वाचायचे, शुद्धलेखन तपासायचे आणि छापायचं ते काढून घ्यायचे. सुलोचनाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, माझ्या झाकणावर बसून अंकांना पिना मारायच्या आणि पत्ते चिकटवायच्या. माझ्या झाकणाला मधोमध जो खोलगटपणा आहे तो त्यांच्या बैठकीचा. पंधराव्या वर्षी गोंदियाच्या सभागृहात कार्यक्रम झाला तेव्हा मला व्यासपीठावर ठेवून हार घातला होता. त्या दिवशी मी जरा फुगले होते, हे कबूल करते.

आता मास्तरांची खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मास्तरांना नाही म्हणता येत नसे. “लिहून पाठवणारा माणूस टपालाकडे डोळे लावून बसलेला असतो, त्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणू?” असं ते म्हणायचे. म्हणून जे छापलं जाणार नाही त्यावरही ते लाल पेन्सिलीने दोन शब्द लिहायचे, ‘पुढील अंकी’. तसंच कार्ड लेखकाला जायचं आणि कागद माझ्यात यायचा. वाईट कवितेवर ‘पुढील अंकी’, आणि चांगल्या लेखाला ऐसपैस जागा हवी म्हणून त्याच्यावरही ‘पुढील अंकी’. अंक येत गेले, जात गेले, आणि मी वरपर्यंत भरत गेले.

सात वर्षांपूर्वी, उन्हाळा सरता सरता, एक बाई स्वतः वही घेऊन दारात उभी राहिली. देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या हद्दीजवळ एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, राहणारी फुलवंता मडावी. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. वही चाळीस पानी होती, वर खाकी कव्हर. आत तिच्या आईने सांगितलेली मोहाची झाडं होती.

जंगलातल्या कोणत्या मोहाखाली कोणत्या घराने फुलं वेचायची, हे त्यांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. प्रत्येक झाडाला नाव असतं. फुलवंताच्या आईला सव्वीस झाडं तोंडपाठ होती. तिने सांगितलं आणि लेकीने लिहून घेतलं. मास्तरांनी ती वही त्याच दुपारी माझ्या शेजारी बसून मोठ्याने वाचली, म्हणून मलाही ठाऊक आहे. ‘उशिऱ्या’ नावाचा एक मोह सगळ्यांच्या नंतर, उन्हं वर आल्यावर, फुलं टाकायचा. तान्हं पोर घेऊन पहाटे रानात येणं जमत नसे अशा एका विधवेला गावाने तो मोह दिला होता. एवढं वाचून मास्तर थांबले आणि चष्मा पुसत बसले.

“याचा विशेषांक काढू,” ते फुलवंताला म्हणाले. “पुढच्या अंकात.”

मग पाऊस लागला आणि नेमकी माझ्या डोक्यावरची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, सरकली. सुलोचनाबाई तेव्हा लेकीच्या, म्हणजे हर्षाच्या, बाळंतपणाला नागपूरला गेल्या होत्या. मास्तरांनी घाबऱ्या घाबऱ्या सगळे कागद बाहेर काढले. मग त्यांनी काळ्या मेणकापडाचा तुकडा आणला, फुलवंताची वही माझ्या तळाशी उजवीकडे निजवली, वरून मेणकापड अंथरलं आणि पत्ते चिकटवायच्या खळीने त्याच्या कडा चिकटवून टाकल्या. “इथं मुंगीलाही सापडायची नाही,” असं ते स्वतःशीच म्हणाले.

मित्रांनो, ते खरं ठरलं. माणूस एखादी वस्तू इतकी जपून ठेवतो की ती त्याला स्वतःलाच सापडत नाही. तुमच्या घरातही हे झालं असेल. दोन पावसाळे गेले, वर कागदांचा ढीग चढला आणि मास्तर ती जागा साफ विसरले. फुलवंता दर वर्षी एक कार्ड टाकायची. मास्तर ढीग उपसायचे, वही सापडायची नाही. मग ती छापखान्यात गेली असेल असं त्यांनी मनाशी धरलं, आणि फुलवंताला मात्र उत्तर लिहिलं, ‘पुढील अंकी’.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा आजार. माणूस समोर आला की आकार दिसायचा, पण अक्षरं हळूहळू दिसेनाशी झाली. दुसऱ्याने वाचलेल्या मजकुरावर स्वतःचं नाव टाकायला ते तयार नव्हते. तिकडे वर्गणीदारही एकेक करून निघून चालले होते. पोस्टमन परत आणून द्यायचा त्या अंकांवर ‘मयत’ असं लिहिलेलं असायचं. यंदा फाल्गुनात मास्तर म्हणाले, “बस. हा अंक शेवटचा.”

ज्यांचं साहित्य छापायचं राहिलं त्यांना कार्डं पाठवायची ठरलं. ‘चैत्र संपण्याआधी येऊन आपला मजकूर घेऊन जावा.’ मास्तरांना दिसत नसल्यामुळे ती कार्डं सुलोचनाबाईंनी लिहिली. एकशे बारा भरली. शेवटचं कार्ड लिहून त्यांनी पेन खाली ठेवला.

“इतक्या लोकांले हो म्हनून ठेवलं तुमी? माह्या बापानं पोरगी देताना बी तुमाले एकदाच हो म्हटलं होतं.”

त्या कार्डांमध्ये देवरीकडच्या फुलवंताचंही एक कार्ड होतं, आणि ते सांगताना मास्तरांचा आवाज जरा अडखळला होता. मी ऐकलं होतं ते.

लोक येत गेले. कोणी हसत आपले कागद नेले, कोणी रुसून. मी रिकामी होत चालले, आणि माझी धडधड वाढत चालली. कारण मी पूर्ण रिकामी झाले की मला भंगारात द्यायचं ठरलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी छापखान्यातून मोनूचा फोन आला. “मास्टरजी, आठ पन्ने बाकी हैं आपके. चार बजे तक भेजो. कल से शादी के कार्ड लगे हैं, फिर मशीन खाली नहीं मिलेगी.” ती आठ पानं मास्तरांनी स्वतःच्या निरोपासाठी राखली होती. तेवीस वर्षांची हकीकत त्यांनी बोलून बोलून सुलोचनाबाईंकडून उतरवून घेतली होती. आता फक्त तिचे फोटो काढून पाठवायचे होते.

दुपारी दीडच्या सुमारास फुलवंता आली. ऐन मोहाचा हंगाम, एका दिवसाची वेचणी सोडून, दोन एसट्या बदलून आली होती. हातात ते कार्ड होतं.

“गुरुजी, माही वही घ्याले आली मी,” ती म्हणाली. “साडेचारची गाडी हाये.”

“बस बाई, पानी पे आधी,” सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला ओसरीवर ओढून माझ्यात उरलेले कागद चटईवर ओतले. दोघी एकेक कागद पाहू लागल्या. कंडक्टरची तिकिटं निघाली. कुणाचं नाटक निघालं. खाकी कव्हरची वही निघाली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं. सुलोचनाबाईंनी माझ्यात डोकावलं, तर आत काळा, जागोजाग फुगलेला, रिकामा तळ. मी म्हणत होते, बाई, हात घाला, आणखी थोडा खाली. पण मुन्नालालने मला जो एकच आवाज दिला होता, तो कोणी वाजवल्याशिवाय निघत नाही.

तिसऱ्यांदा पाहायला लागल्या तेव्हा भिंतीला टेकून बसलेले मास्तर म्हणाले, “राहू दे. नाही भेटणार.”

दोघींनी वर पाहिलं.

“फुलवंता, तुझी वही माझ्याकडून हरवली. छापखान्यात गेली असन असं मी समजून राहिलो. चार-पाच वर्षांपासून ठाऊक आहे मले. तरी तुले कार्डं टाकत राहिलो.”

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांना ते दिसलं नाही हेच बरं.

“दुसरीकडं कुठी लिहून नाई ठेवली का, बाई?” मग बाईंनी फुलवंताला विचारलं.

“एकच होती. तुमच्याकडं सांभाळून राहीन म्हनून तं दिली.” फुलवंता चटईवरचे कागद नीट रचत होती, जणू ते तिचेच होते. “माय गेली मागच्या सावनात. सडक रुंद केली तवा अर्धी झाडं बी गेली. मले काई नावं आठवतेत, सगळी नाई आठवत.”

तेवढ्यात कवडू भंगारवाला ठेला घेऊन दारात आला. परत आलेले जुने अंक त्याने ठेल्यावर रचले, मग माझ्याकडे बोट दाखवलं. “मास्तर, पेटी बी न्याची ना?”

“ने,” सुलोचनाबाई म्हणाल्या. मास्तरांवरचा सगळा राग माझ्यावर निघाला. “डोळ्यापुढं नको मले हे.”

कवडूने माझी कडी धरली आणि मला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. मित्रांनो, माझी ती चार हातांची वाट किती लांब होती म्हणून सांगू. उंबऱ्यापलीकडे ठेला, ठेल्यापलीकडे भंगाराचं कोठार, आणि तिथे पत्रा चेपायचा घण. मी गेले असते त्याचं मला दुःख नव्हतं, माझं वय झालं आहे. पण त्या वहीत ‘उशिऱ्या’ होता, ती विधवा होती, फुलवंताची आई होती. जिची वस्तू ती समोरच उभी होती, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत ती घेऊन चालले होते. चोरालासुद्धा एवढी लाज वाटत नसेल.

फुलवंताही जायला उठली होती. पदर खोचता खोचता तिची नजर माझ्याकडे गेली.

“बाई, रिकामी पेटी दारातून नोको देऊ,” ती म्हणाली. “मूठभर धान टाक आधी.”

सुलोचनाबाई थबकल्या. घरातून भांडं द्यायचं तर रिकामं द्यायचं नाही, ही रीत त्यांच्याही घरची होती. रागात भान राहिलं नव्हतं. “थांब रे कवडू,” म्हणत त्या आत गेल्या, कोठीतून मूठभर धान आणलं आणि उभ्या उभ्याच माझ्यात टाकलं.

डावीकडे दाणे पडले ते खणखणत पडले. उजवीकडे पडले ते नुसते थपथपले.

मास्तरांनी मान वर केली. डोळे गेल्यापासून त्यांचे कान फार तिखट झाले होते.

“हर्षाची माय, आणखी एक मूठ टाक. उजव्या बाजूला.”

“आता काय पोतंभर देता का?” बाई म्हणाल्या, पण त्यांनी टाकलं. पुन्हा तसंच. मास्तर भिंतीचा आधार घेत उठले, चाचपडत माझ्याजवळ आले, खाली बसले आणि माझ्या तळावर बोटाच्या पेराने टकटक केली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे मी धड बोललेही नाही आणि धड गप्पही राहिले नाही. तेवीस वर्षांपूर्वी मुन्नालालच्या दुकानात जे ऐकलं होतं ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा हात तिथेच थांबला.

“मेणकापड,” ते म्हणाले. “मीच चिकटवलं होतं.”

त्यांनी नखाने कड उचलली. सात वर्षांची खळ भुगा होऊन गळाली. खाली वही होती, कोरडी, जशी निजवली होती तशी. कव्हरवर लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. मास्तरांना आपलंच अक्षर वाचता येईना. त्यांनी वही फुलवंताकडे धरली, आणि तिने वाचलं, “पुढील अंकी.”

तीन वाजून गेले होते. मास्तरांनी वेळ विचारली आणि म्हणाले, “माझा निरोप काढ. त्या आठ पानांत ही वही लाव.”

“मंग अंक काऊन बंद झाला ते लोकांले कसं समजन?”

“पुढचा आला नाही म्हणजे समजन.”

मग घाई उडाली. फुलवंता पान मोठ्याने वाचून समोर धरायची, सुलोचनाबाई मोबाइलवर फोटो काढायच्या, आणि मास्तर मनातल्या मनात ओळी मोजून कुठे थांबायचं ते सांगायचे. कवडू ठेला सोडून उंबऱ्यावर बसून राहिला होता, तो म्हणाला, “या दोनबुंध्या मोहाखाली मी बी झोपलो हावो, मामाच्या गावाले.” चारला पाच मिनिटं कमी असताना शेवटचा फोटो गेला. आठ पानांत अकरा झाडं बसली.

फुलवंताने वहीची उरलेली पानं बोटाने चाळली. “अन् बाकीची पंधरा, गुरुजी?”

मास्तरांचं तोंड उघडलं. तेवीस वर्षांची सवय जिभेवर येऊन उभी राहिली, हे मला झाकणापासून तळापर्यंत जाणवलं. सुलोचनाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मास्तरांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

“नाही,” ते म्हणाले. “बाकीची मी नाही छापू शकत, फुलवंता. ही वही तू घेऊन जा.”

माझ्या ऐकण्यातला तो त्यांचा पहिला नकार. मला वाटलं, ती रडेल. पण तिने वही पदरात घेतली आणि साध्या आवाजात म्हणाली, “हे तुमी पहिल्याच साली म्हटलं असतं, गुरुजी, तं मी वही घरी आनली असती. मायले वाचून दाखवली असती. तिले वाचता येत नवतं. आपलं बोललेलं कागदावर कसं आयकू येते, एवढंच तिले पाहाचं होतं.”

मास्तरांनी दोन्ही हात जोडले आणि तसेच जोडून ठेवले, ती ओसरी उतरेपर्यंत.

“पेटी हिलेच दे,” सुलोचनाबाई कवडूला म्हणाल्या. “धान पडलं हाये तिच्यात, आता ती भंगारात नाई जात.” कवडूने मला ठेल्यावरून एसटी स्टँडपर्यंत नेलं, आणि साडेचारची गाडी आम्हाला मिळाली.

आता मी देवरीपलीकडच्या त्या टोल्यावर असते. ‘बांधी’चा शेवटचा अंक इथे आला तेव्हा फुलवंताने तो शेवटच्या पानापर्यंत उलटून पाहिला. तिथे दर अंकात ‘पुढील अंकात वाचा’ अशी एक चौकट असायची. या वेळी चौकट होती, आत काही नव्हतं. वही मात्र तिने माझ्यात ठेवली नाही. ती दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. संध्याकाळी अंगणात कोणी बसलं असेल तर ती त्यातलं एखादं झाड वाचून दाखवते. खुशबू नावाची शेजारची पोरगी ती दुसऱ्या वहीत उतरवून घेते आहे. ती अठरा झाडांपर्यंत आली आहे.

मित्रांनो, मास्तर वाईट नव्हते. तेवढा भला माणूस मी दुसरा पाहिला नाही, म्हणून तर सांगते. कोणी विश्वासाने काही हातात दिलं तर हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण लवकर म्हणा. आणि जपून ठेवायचं असेल तर असं ठेवा की मागायला आलेल्या माणसाला ते देता येईल. वाट बघणारी माणसं कायमची नसतात.

माझ्यात आता वाळवलेली मोहफुलं असतात. मी भरलेली आहे, म्हणून गप्प असते. हंगाम संपला की फुलवंता मला उन्हात उपडी करते, झटकते आणि आतून हात फिरवून बघते. माझ्या तळाला आता मेणकापड नाही.